सासूबाईंच्या चेहऱ्यावरचे तारे

जो माणूस सोळा वर्षं काचेतले ठिपके शोधतोय, त्याच्या हाती घरातला फोटो साफ करायला देऊ नये. हे शहाणपण तपासनिसांच्या बायकोला सुचलं खरं, पण जरा उशिरा.

तपासनीस हे आपल्या गृहस्थांचं कारखान्यातलं कामही आणि घरातलं टोपणनावही. दिवसभर दिव्यासमोर काचा धरायच्या, ठिपका दिसला की काच बाद. घरी आल्यावर ते धुतलेले पेलेसुद्धा उजेडात धरून बघत (हेतू वाईट नसे, हाताला सवय). छंद मात्र त्यांनी आभाळाएवढा लावून घेतला होता. ते नेब्युलाचे, म्हणजे आकाशातल्या वायूच्या आणि धुळीच्या प्रचंड ढगांचे फोटो काढत. गच्चीवर कॅमेरा लावून शेकडो फोटो घ्यायचे, ते एकावर एक रचायचे आणि उजेड वाढवत न्यायचा. मग तो पुसटसा ढग हळूहळू वर येतो. पण उजेड वाढवला की तारेही फुगतात आणि ढग त्यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. त्यावर एक सॉफ्टवेअर आहे. बटण दाबलं की फोटोच्या दोन फाइली होतात, एकीत नुसता ढग, दुसरीत नुसते तारे. ढग निवांत सजवायचा आणि तारे बेताबेतानं परत बसवायचे.

तारे काढण्यात तपासनिसांचा हात धरणारं कुणी नव्हतं. परत बसवायचं मात्र त्यांच्या जिवावर येई. इतकी झकास साफ केलेली जागा, तिथे पुन्हा ठिपके कशाला? असाच एक बिनताऱ्यांचा, तपकिरी-करडा नेब्युला त्यांनी हॉलमध्ये सोफ्याच्या वर, चांगल्या चार फुटी फ्रेममध्ये लावला होता. तीन वर्षांत त्याला कुणी दाद दिलेली नव्हती. तपासनीस वाट बघत होते.

तर एका शनिवारी दुपारी बायको तळहाताएवढा जुना फोटो घेऊन आली. तिच्या आईचा. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात बारीक कुड्या, आणि हसणं असं की बघणाऱ्यालाही हसू यावं. चेहऱ्यावर, फडक्यावर, मागच्या काळोखात सगळीकडे पांढरे ठिपके पडले होते.

"आईच्या कपाटात सापडला," बायको म्हणाली. "बाबांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मोठा करून देऊ या. आई जाऊन दोन वर्षं झाली, त्यांनी तिचं नावही काढलेलं नाही. विषय निघाला की उठून खिडकीशी जातात. हा बघून तरी बोलतील. तेवढे ठिपके काढाल ना?"

"ठिपके?" तपासनीस म्हणाले. एवढ्या प्रेमानं त्यांना आजवर कुणी काम सांगितलं नव्हतं.

एकेक ठिपका हातानं पुसायचा तर दोन दिवस गेले असते. तपासनिसांनी डोकं चालवलं (इथेच सगळं बिघडलं). काळ्यावर पांढरा ठिपका म्हणजे ताराच की! त्यांनी फोटो स्कॅन केला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि बटण दाबलं. एका मिनिटात सासूबाई लख्ख झाल्या.

बायको पडद्याजवळ वाकली.

"ही आई नाही."

"अगं, नाक तेच, हनुवटी तीच..."

"आईसारखी आहे. आई नाही."

तपासनिसांनी चष्मा पुसून पाहिलं. कुड्या गायब होत्या. आणि डोळ्यांत उजेडाचा जो एकेक कण असतो, तोही गेला होता. सॉफ्टवेअरला काय कळतंय, बारीक आणि चमकणारं दिसलं की ते उचलतं. सासूबाई हसत होत्या, पण कुणाकडे बघून ते कळत नव्हतं.

सुदैवानं ताऱ्यांची फाइल शाबूत होती. गडद काळ्यावर दीडेकशे ठिपके. त्यांतून दोन कुड्या आणि दोन डोळ्यांतले कण शोधून त्यांनी जागच्या जागी बसवले. दुसरा कण बसला तशी बायको "आई" म्हणाली आणि पदरानं डोळे टिपत आत गेली. एवढा छोटा ठिपका, आणि त्यावाचून माणूस हरवतं, हे तपासनिसांना पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांनी पेले तपासले नाहीत.

वाढदिवसाला सासरे घरी आले. त्यांचं सगळं आयुष्य लोकांची घरं रंगवण्यात गेलेलं, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी भिंती बघत. बायकोनं फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे वळवली.

"हिचा चेहरा कुणी धुतला?" सासऱ्यांनी विचारलं.

"धुतला नाही, बाबा. धूळ होती, ती यांनी..."

"धूळ कसली? रंग होता तो!" सासऱ्यांचा आवाज चढला. "आमची पहिली खोली रंगवत होतो. मी ब्रश झटकला, सगळा हिच्या तोंडावर! मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. तर हसत सुटली. नव्या खोलीत फोटो काढायला फोटोवाला बोलावला होता, तो म्हणाला, 'बाई, तोंड धुऊन या.' तर म्हणते कशी, 'ह्यांनी रंगवलंय, असू दे.'"

आणि मग ते बोलतच राहिले. ती खोली, तो रंग, त्या खोलीतलं पहिलं भांडण. चहा दोनदा निवला. बायको रडत होती, हसत होती, मध्येच "मला कधी सांगितलं नाहीत!" म्हणत होती.

तपासनीस गुपचूप कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. सासरे मागे खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर बोट ठेवून सांगू लागले, "हा कपाळावरचा माझा. गालावरचे तिन्ही माझे. हा नाही, ही तुमची धूळ. नाकावरचा कुठाय? तो आधी बसवा." नऊ ठिपके परत बसले. तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदा ठिपका स्वतःच्या हातानं पास केला होता.

निघताना सासरे सोफ्याजवळ थबकले. मान वर करून त्या चार फुटी नेब्युलाकडे एकटक बघू लागले. तपासनीस पुढे सरसावले. तीन वर्षांनी का होईना, रंगातला जाणकार भेटला होता.

"जावईबापू, हे तुम्ही केलंत?"

"हो बाबा. सगळे तारे काढून टाकलेत."

सासऱ्यांनी काचेवर तळहात टेकवला, फ्रेमच्या मागे नाक नेऊन वास घेतला आणि कळवळून म्हणाले, "भिंतीला ओल आतून येतेय. वरून काच लावून झाकली जात नाही ती. रविवारी खरवडायचा पत्रा, पुट्टी घेऊन येतो. तोवर खिडकी उघडी ठेवा."