नानांच्या गालाची बंदूक

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचं माप घेतलं जातं. त्याला टेप लागत नाही. माझे सासरे, म्हणजे नाना, त्याला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. "डावा खांदा उतरलाय तुमचा. बॅग दुसऱ्या बाजूला घेत जा." आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांना पहिलं वाक्य हेच ऐकावं लागलं. बाबा रागाने उठलेच असते, पण बॅग खरंच जड होती.

नानांचं ठाकुर्लीला शिलाईचं दुकान आहे. माप द्यायला गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहिलं की नाना टेप गळ्यात टाकून स्टुलावर बसतात. "नीट नको. नेहमीसारखं उभं राहा. मी थांबतो." एका नवरदेवाला त्यांनी त्याच्या होणाऱ्या सासूबाईंसमोर पोट सोडायला लावलं होतं. कोट मात्र असा बसला की तो अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो.

त्यांचा दुसरा नाद बंदुकीचा. टिटवाळ्याकडच्या शेतात रानडुकरं शिरायची, म्हणून त्यांच्या वडिलांनी बारा बोअरची दुनळी घेतली होती. शेत गेलं, तिथे इमारती आल्या, डुकरं कुठे गेली देव जाणे. नाना नेमबाजीच्या क्लबात जाऊन हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला लागले. पुढे मलाही त्यांनीच शिकवलं. मुलाला शिकवलं असतं, पण माझा नवरा लवंगी फटाक्यालाही कान झाकतो.

मग नानांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. बंदुकीचा धक्का आता कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा परवाना झाला, बंदूक माझ्या नावावर आली. "खांदा भरून येईपर्यंत सांभाळ," नाना म्हणाले. 'कायमचा' हा शब्द त्यांच्या कानात शिरलाच नव्हता.

यंदा सामन्यासाठी आमच्या क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. फार हवी होती. पण माझा प्रत्येक बार तबकडीच्या वरून जायचा. मोठा कागद लावून पाहिलं, तर छर्रे सगळे खुणेच्या वर. कारण साधं होतं. या बंदुकीला नेम धरायला नळीच्या टोकावर एक मणी असतो, मागे काहीच नसतं. मागचं काम आपला डोळा करतो. मागच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकला की डोळा कुठे येतो, त्यावर सगळा खेळ. नानांचे गाल आत गेलेले, डोळा खाली राहायचा, म्हणून त्यांनी दस्ता गालाखाली उंच करून घेतला होता. माझे गाल पुरीसारखे टम्म. त्यामुळे डोळा वर आणि मारही वर. गालाखालचं लाकूड थोडं उतरवलं की काम फत्ते.

नाना ते सोडून बाकी सगळं करत होते. माझ्या जॅकेटचा खांदा उसवून पुन्हा शिवला. अंबाडा मानेवर आड येतो म्हणून वर बांधायला लावला. वडापाव बंद केला. "गाल घट्ट दाब," असं म्हणून म्हणून माझा गाल काळानिळा झाला. शेजारच्या काकू माझ्या नवऱ्याकडे संशयाने बघू लागल्या. त्या बिचाऱ्याकडे!

एकदा दुकानात ते जॅकेट तिसऱ्यांदा उसवत होते. तोंडात टाचण्या. "मान खाली घे. अजून. गाल आवळ."

माझं डोकं फिरलं. "नाना, मी नेहमीसारखी कधी उभी राहायची?"

नानांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, किती अल्टर कराल तिला? लाकूड कापा की."

"कापलं की ते परत येत नाही," नाना म्हणाले.

एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लाकूड होतं तसं होतं, तोवर मनातल्या मनात नाना परत क्लबाच्या रेंजवर जाणार होते. मला फार वाईट वाटलं. राहू द्या, नको मला ती जागा, असं तोंडावर आलं होतं. बोलले नाही, कारण हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून रंध्याचा आवाज आला. सुताराला बोलवू का विचारलं, तर माझ्यावरच खेकसले. थोडं लाकूड काढायचे आणि मला हाक मारायचे. "डोळे मिट. बंदूक उचल. गाल टेक. आता उघड. काय दिसतं?" नळी जास्त दिसते म्हटलं की पुन्हा रंधा. जॅकेट, अंबाडा, मान, कशाबद्दलही एक शब्द नाही. शेवटी पॉलिश पेपर मारून तेल चोळलं.

रविवारी रेंजवर छर्रे खुणेभोवती बसले. तबकड्यांचा नुसता भुगा झाला आणि जागा मला मिळाली. नाना दिसेल त्याला धरून सांगत होते, "गाल बघा आमच्या सूनबाईचे! असे गाल अख्ख्या क्लबात कुणाचे नाहीत!" मला लाज वाटत होती आणि ऊर भरून येत होता, दोन्ही एकदमच.

सगळे चहाला गेल्यावर नानांनी बंदूक मागितली. मी ती उघडून, रिकामी असल्याचं दाखवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले, ती दुखऱ्या खांद्याला हलकेच लावली, गाल टेकवला आणि डोळे उघडले.

"दिसतंय का काही, नाना?"

"मागचं लोखंड तेवढं दिसतंय. नळी नाही, मणी नाही." त्यांनी दस्त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि बंदूक मला परत दिली. "काम चांगलं झालंय."