होडी सुटल्यानंतरची सोळा पानं

"सहा आठवड्यांत लिहून हातात देते!" असं सूनबाईनं संपादिकेला ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्या काखेत अकरा महिन्यांचं बाळ होतं आणि हातात दुधाची बाटली. फोन कुठे होता म्हणाल, तर खांदा आणि कान यांच्या चिमटीत!

काम मोठं मानाचं होतं. जुन्या गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांचे पुढचे भाग आजच्या लेखकांकडून लिहून घ्यायचे, अशी मालिका एका प्रकाशन संस्थेनं काढली होती. मूळ लेखिका जाऊन जमाना झाला होता, वारसांनी आनंदानं परवानगी दिली होती, आणि सूनबाईच्या वाट्याला आली होती तिची सर्वांत लाडकी कादंबरी. पूल बांधणारा इंजिनियर आणि टेलिफोन ऑपरेटर मुलगी यांची. बाळ झाल्यावर सूनबाईची कॉलेजातली शिकवायची नोकरी सुटली होती. गेल्या वर्षभरात तिचं नाव लागलं होतं ते फक्त लसीकरणाच्या कार्डावर, तेही 'आई' या रकान्यात! आता ते मुखपृष्ठावर येणार होतं.

कादंबरी घरातच होती, सासूबाईंच्या कपाटात. तिचा शेवट सूनबाईला तोंडपाठ. 'होडी किनाऱ्यापासून सुटली. त्यानं वळून पाहिलं. तिनं हात हलवला.' बस, खेळ खलास! तो परत आला का, लग्न झालं का, काही म्हणजे काही नाही! 'त्या काळात इतका मुक्त शेवट! केवढं हे धाडस!' असं चार पानी टिपण तिनं संपादिकेला पाठवलं, आणि संपादिका त्यावर बेहद्द खूश झाली.

मग लिखाण सुरू झालं. एक परिच्छेद लिहायचा, बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, मग दुसरा परिच्छेद. सहाचे नऊ आठवडे झाले, पण हस्तलिखित गेलं एकदाचं!

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"छान लिहिलंय हो," संपादिका म्हणाली. ओल्या फरशीवरून चालावं तशी जपून बोलत होती. "फक्त एक विचारायचं होतं. पहिल्याच पानावर नायक दाढी करतोय."

"लग्नाची सकाळ आहे ना!"

"पण तो गेलाय ना?"

"कुठे?"

"अहो, वारलाय!"

"कधी?"

"मूळ कादंबरीत! शेवटच्या सोळा पानांत! होडी बुडते, तिसऱ्या दिवशी तो सापडतो, ती त्याच्या बोटातली अंगठी ओळखते... अख्खी पिढी रडलीय त्यावर!"

"मग माझं टिपण? मुक्त शेवट?"

"मला वाटलं, तुम्ही मृत्यूलाच मुक्ती म्हणताय! मी ते बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं हो!" संपादिकेचा आवाज रडवेला झाला. "सोमवारी छपाईला जायचंय. काही मार्ग निघाला तर सांगा. नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

सूनबाई कपाटाकडे धावली. पान दोनशे बहात्तर, आणि त्यापुढे थेट पुठ्ठा! शिवणीत फाटलेल्या कागदाचे बारीक दाते.

नेमकं त्याच क्षणी बाळ पलंगाखाली मन लावून काहीतरी चघळत होतं. तिनं बोट घालून काढलं. ओला कागद! छापील!

"अरे, ऐकलंस का! यानं शेवटचं प्रकरण खाल्लं! सोळा पानं!"

आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "पानं सोळा ना? मग कागद आठच. घाबरू नकोस."

ती घाबरली नाही. ती फक्त एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात नवऱ्याचा बूट घालून दवाखान्यात पोचली!

डॉक्टरीणबाई त्याच गल्लीत वाढलेल्या. त्यांनी बाळाचं पोट चाचपलं, मग तो ओला बोळा उलगडला. "हे तर मी दिलेल्या थेंबांच्या खोक्यातलं माहितीपत्रक! 'मुलांच्या हाती लागू देऊ नये', बघा, नेमकं तेवढंच खाल्लंय. काही होत नाही त्यानं. कुठली कादंबरी म्हणालात?"

सूनबाईनं सांगितली.

"अय्या! मी शाळेत असताना वाचलीय! काय शेवट आहे! ती हात हलवते..."

"त्यानंतर तो मरतो."

"मरतो?" डॉक्टरीणबाई इतक्या जोरात ओरडल्या, की बाहेरची नर्स धावत आत आली.

"कोण मेलं, मॅडम?"

दार उघडंच होतं. बाकांवरच्या तीन आयांनी आपापली पोरं उचलली आणि चपला हातात घेऊन पळ काढला!

सूनबाईचं डोकं मात्र आता वेगळ्याच दिशेनं धावत होतं. डॉक्टरीणबाईंच्या शाळेच्या दिवसांत बाळाचा पत्ताच नव्हता. म्हणजे बाळ निर्दोष! मग पानं नेली कोणी?

"तुम्ही कुणाची प्रत वाचलीत?"

"तुमच्या सासूबाईंची! अख्ख्या गल्लीनं तीच वाचलीय."

घरी सासूबाई शर्टाला बटण लावत बसल्या होत्या.

"आई, त्या कादंबरीची शेवटची पानं..."

"मीच फाडली," सासूबाई म्हणाल्या. जसं काही दूध उतू गेलं, आणखी काय! "तुझा नवरा पोटात होता तेव्हा. सातवा महिना. डॉक्टरांनी बजावलेलं, रडायचं नाही. आणि ही लिहिणारी बाई खुशाल नायकाला बुडवते! अगं, चाळिसाव्या पानावर तो भर पुरात नदी पोहून जातो. तो होडीतून पडून मरेल? मी म्हटलं, मरायचं तर बाहेर मर, या घरात नाही! पानं जाळली, आणि मग पुस्तक गल्लीत वाचायला दिलं. बत्तीस वर्षांत एकाची तक्रार नाही!"

सूनबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे पुढचा भाग रचणारी घरातली पहिली बाई ती नव्हतीच!

तिनं संपादिकेला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगून टाकलं.

"आणि कुणालाच शेवट अर्धवट वाटला नाही?" संपादिकेचा स्वर बदलला होता.

"कुणालाच नाही! तो मेला म्हटल्यावर दवाखाना रिकामा झाला!"

"थांबा जरा." पलीकडे कागदांची सळसळ झाली. "'पान दोनशे बहात्तरवरून पुढे चालू'. असंच छापू मुखपृष्ठावर! मजा येईल वाचकांना. तुमचं पुस्तक सोमवारी जातंय छपाईला!"

सूनबाईनं बाळाला उचलून गरकन गिरकी घेतली.

"फक्त एक दुरुस्ती," संपादिका म्हणाली. "एकशे सहाव्या पानावर मूल रडतं. बायकोची झोप मोडू न देता नायक उठतो, लंगोट बदलतो, मुलाला थोपटून झोपवतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाला सांगतसुद्धा नाही. अहो, बुडालेला माणूस परत आला हे वाचक एकवेळ मानतील. हे कोण मानणार? तेवढं काढा."

सूनबाईचा चेहरा पडला. 'काढते' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी सुई शर्टात खोचली आणि फोन स्वतःकडे ओढला. बत्तीस वर्षं त्यांनी त्या माणसाला जिवाच्या करारानं जगवलं होतं.

"ते काढायचं असेल," त्या कडाडल्या, "तर बुडू दे मेल्याला!"

पान राहिलं. पुस्तक आलं. मुखपृष्ठावर सूनबाईचं नाव, चांगलं ठसठशीत. नवऱ्यानं रविवारी दुपारी कौतुकानं वाचायला घेतलं, आणि एकशे सहावं पान छातीवर उघडं ठेवून तो घोरायला लागला. बाळ रडलं. सूनबाई उठली, लंगोट बदलला, थोपटू लागली. आता तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. ते पान लिहिताना तिलासुद्धा तीनदा वाटून गेलं होतं, की हे जरा अतीच होतंय!