लटकलेल्या राजकन्येस मुदतवाढ

कोणत्याही समाजाची उंची त्यात किती ग्रंथ लिहिले गेले यावरून ठरत नसून, किती जणांना ग्रंथ लिहिण्याची इच्छा झाली यावरून ठरते, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. (ग्रंथ मोजायला घेतले तर ते संपतात. इच्छा संपत नाहीत.)

या दृष्टीने आमच्या होतकरू लेखक प्रोत्साहन मंडळाचे कार्य अजोड मानावे लागेल. मी मंडळाचा कार्यवाह. आमचे कार्यालय शिवणयंत्रांच्या दुकानावरील खोलीत असून खालच्या यंत्रांची खडखड वर स्पष्ट ऐकू येते. नवख्या लेखकास ती आपल्याच प्रतिभेची वाटते, म्हणून आम्ही खिडकी लावत नाही.

मंडळाचे एकमेव मार्गदर्शक म्हणजे सुप्रसिद्ध अद्भुत-कादंबरीकार, माझे मेहुणे. त्यांच्या नियोजित पाच खंडांपैकी दोन प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर राजकन्या किल्ल्याच्या बुरुजाला एका हाताने लटकलेली असून खाली पंखधारी अग्निसर्प (सामान्य जन त्यास ड्रॅगन म्हणतात) तोंड उघडून बसला आहे. या घटनेस सहा वर्षे झाली. राजकन्येचा हात अद्याप सुटलेला नाही, यावरून मेहुण्यांची पात्रे किती भक्कम असतात याची कल्पना यावी.

तिसरा खंड का आला नाही, असे काही कोत्या मनाचे लोक विचारतात. कारण सरळ आहे. दुसरा खंड गाजला. गाजलेला लेखक इतरांस प्रोत्साहन देण्यास पात्र ठरतो. आणि पात्र माणसाने घरी एकट्याने लिहीत बसणे यास शुद्ध स्वार्थ म्हणतात.

प्रोत्साहनाची आमची पद्धत शास्त्रीय आहे. होतकरूस सर्वांत जास्त भीती कोऱ्या पानाची वाटते, असे मेहुण्यांचे मत पडल्यावरून आम्ही वाटपाच्या वह्यांत पहिले वाक्य छापूनच घेतले: 'त्या दिवशी ड्रॅगनला अजिबात भूक नव्हती.' परिणाम थक्क करणारा झाला. आजमितीस तीन हजार आठशे बारा कादंबऱ्यांतील ड्रॅगनला भूक नाही. (त्यामुळे त्यांपैकी एकाही कादंबरीत पुढे काही घडू शकत नाही, ही तांत्रिक बाब नंतर लक्षात आली.)

सहा वर्षांचा गोषवारा असा. व्याख्याने दोनशे चौदा. प्रोत्साहित झालेले होतकरू तीन हजार आठशे बारा. लेखनासाठी घरात स्वतंत्र कोपरा ठरवलेले, दोन हजार नऊशे. घेतलेली टोपणनावे, तीन हजार आठशे चाळीस (काहींनी दोन घेतली). पुस्तक कोणास अर्पण करायचे ते ठरलेले, जवळजवळ सर्व. पहिले प्रकरण पूर्ण केलेले, नऊ. त्यांपैकी सात जणांना अधिक मार्गदर्शन मिळाल्यामुळे त्यांनी ते फाडून टाकले.

माझी थोरली बहीण, म्हणजे मेहुण्यांची पत्नी, एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखिका आहे. दोन्ही खंडांची अकराशे चाळीस पाने तिनेच टंकली. तिला प्रोत्साहन देण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही, कारण ती होतकरू नव्हती, कामात होती.

गेल्या महिन्यात प्रकाशकांचे पत्र आले. तीस तारखेपर्यंत तिसऱ्या खंडाचे पहिले प्रकरण हाती न आल्यास मालिका बंद करण्यात येईल व शिल्लक प्रती रद्दीत घालण्यात येतील, असे त्यात सौजन्यपूर्वक कळवले होते. थोडक्यात, राजकन्या कायमची लटकलेली, आणि तीही रद्दीत. मेहुणे दोन दिवस नीट जेवले नाहीत. ताईने पत्र टंकयंत्राच्या वर भिंतीला चिकटवले. पाहता पाहता हाती एकच रविवार उरला, एकोणतीस तारखेचा. योगायोग असा की त्याच रविवारी मंडळाने त्यांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता, 'लेखनासाठी वेळ कसा काढावा'.

सकाळी त्यांना न्यायला मी घरी गेलो. मेहुणे कागदासमोर बसले होते. ताई शेंगा सोलत होती.

"भाऊजी, चला. दोनशे बारा जणांची नावनोंदणी आहे," मी म्हणालो.

"जा की," ताई म्हणाली. "सहा वर्षं ती पोरगी एका हातावर आहे. अजून तीन तास तिला काय जड आहेत?"

"ताई, हे समाजकार्य आहे."

"असेल बाबा. आधी तिला खाली उतरवा, मग जगाला वर चढवा, एवढंच म्हणते मी."

मेहुण्यांनी पेन ठेवले. "पहिलं वाक्य आलं होतं गं. तुम्ही बहीणभाऊ बोलायला लागलात आणि गेलं."

"काय होतं? सांगा, मी लक्षात ठेवते."

"तेच तर गेलं ना."

ताईने एक शेंग सोलली, आतले दाणे पाहिले, आणि ती बाजूला टाकली. आम्ही निघालो.

व्याख्यान अविस्मरणीय झाले. खऱ्या लेखकाने 'नाही' म्हणायला शिकावे, सभा, समारंभ व भाषणे यांस निग्रहाने नकार द्यावा, असे मेहुण्यांनी बजावले. टाळ्यांमुळे हे वाक्य त्यांना दोनदा उच्चारावे लागले. त्यावर प्रभावित होऊन चार संस्थांनी जागच्या जागी व्याख्यानाची निमंत्रणे दिली व ती त्यांनी स्वीकारली.

शेवटी मागच्या रांगेतील एक औषधविक्रेता उभा राहिला. "सर, पाच वर्षं येतोय मी. ती राजकन्या पडली का वाचली, तेवढं सांगा. घरी बायको विचारते."

"प्रश्न माझ्या राजकन्येचा नाही," मेहुणे म्हणाले. "तुमच्या आतली राजकन्या कुठे लटकली आहे, ते शोधा."

औषधविक्रेत्याने ते वहीत उतरवून घेतले. नंतर मेहुण्यांनी भाषणाच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले, 'पडली का वाचली?' (मी शेजारी होतो म्हणून दिसले. इतिवृत्तात घेतलेले नाही.)

घरी परतलो तो टंकयंत्राशेजारी नऊ पाने ठेवलेली. ताई शेंगांची सालं भरत होती. मेहुण्यांनी पाने उभ्यानेच वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर बसले. मजकूर साधारण असा होता: हात पार भरून आला तेव्हा राजकन्येने पहिल्यांदाच खाली नीट पाहिले. जमीन चार हातांवर होती. अग्निसर्पाने तोंड उघडले होते ते जांभईसाठी. तिने उडी मारली, झगा झटकला आणि त्याला म्हणाली, 'सरक.'

"बुरुज मी दोनशे हात उंच लिहिला होता," मेहुणे म्हणाले.

"तिला वाटत होता तेवढा. घाबरलेल्या माणसाला वाटतोच."

पाने त्यांनी जुळवली, कडा ठोकून सारख्या केल्या. मग विचारले, "मग, सरकतो का तो?"

"लिहिल्याशिवाय मला तरी कसं कळणार?"

तीस तारखेस पाने प्रकाशकांकडे गेली. मालिका बचावली. पुढील खंडावर दोन नावे असणार आहेत. मेहुण्यांनी चारही निमंत्रणे परत केली असून रविवारी ते घरीच असतात. ताई तोंडी मजकूर सांगते आणि ते टंकतात. चुका फार होतात, असे ताई म्हणते.

प्रोत्साहनाविना प्रकरण पूर्ण होण्याची ही घटना मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडल्याने तातडीची बैठक बोलावण्यात आली. अनियमितता दूर करण्यासाठी ताईस पूर्वलक्षी प्रभावाने प्रोत्साहित करावे, व तिने 'मी वेळ कसा काढला' या विषयावर तीन तास बोलावे, असा ठराव झाला. तिने निमंत्रणाच्या पाठीवर लिहून पाठवले, 'रविवारी मला काम असते.' या उत्तरात होतकरूंना घेण्यासारखे काही नाही, असे सभेचे एकमत झाले.

अशा रीतीने मंडळ मार्गदर्शकाविना पोरके झाले आहे. यास्तव कार्यकारिणीने ठरवले की यापुढे प्रोत्साहन लेखी द्यावे, जेणेकरून होतकरूस ते घरबसल्या, लिहायला बसण्याच्या ऐन वेळी घेता येईल. प्रस्तुत मजकूर हाच तो. वाचनास सात मिनिटे लागतात. तेवढ्यात एक परिच्छेद लिहून होतो, अशी हरकत ताईने घेतली असून ती नोंदवून ठेवली आहे.

वाचकहो, आपण आता रीतसर प्रोत्साहित झाला आहात. आपला क्रमांक तीन हजार आठशे तेरा. सहीची आवश्यकता नाही, शेवटपर्यंत वाचले हीच सही धरण्यात येते. ज्यांना खरोखर लिहायचे होते ते पहिल्या परिच्छेदानंतरच उठून गेले असतील. त्यांच्यासाठी मंडळास काही करता येत नाही.