ओठावरचा फोड आणि एकच कप

मागणी घालायला निघता निघता डॉ. मुहन्नदने आरशात पाहिलं. खालच्या ओठावर टपोऱ्या फोडांचा घोस उगवला होता.

फोड चांगल्या ओळखीचा होता. लहानपणी अंगात शिरलेला याचा विषाणू चेहऱ्याच्या मज्जापेशींत झोपून राहतो. पेशीच त्याच्या जनुकांना कुलपं घालते, आणि माणूस चिंतेने पोखरला की तीच ती सैल करते. कुठलं कुलूप आधी उघडतं, हे शोधण्यात मुहन्नदची सात वर्षं गेली होती. काचेच्या बशीतल्या पेशींना त्याने तापवलं, उपाशी ठेवलं, हरतऱ्हेची औषधं पाजली. विषाणू कूस बदलायला तयार नव्हता. आणि आज पठ्ठ्या आपणहून उठून बसला होता!

मुलगी सवसन. त्याच्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करायची. करक गावातल्या तिच्या घरी दोन्हीकडची वीसेक पुरुषमाणसं गाद्यांवर बसली. मुहन्नदच्या काकांनी, अबू गालिबनी, रिवाजाप्रमाणे समोरच्या कॉफीला हात न लावता मागणी घातली.

"प्या आता कॉफी," सवसनचे आजोबा हाज अवाद म्हणाले. "पोरगी तुमची झाली."

काकांनी बिनकानाचा तो छोटा कप रिकामा केला. त्यातच पुन्हा ओतून तो शेजाऱ्याकडे गेला, मग पुढच्याकडे. फिरत फिरत मुहन्नदपर्यंत आला. त्याच्या पलीकडे खुद्द आजोबा बसले होते; त्याचा उष्टा कप आता त्यांच्याच ओठांना लागणार होता.

"मला नको," मुहन्नद तोंडावर हात धरून पुटपुटला.



"नको?" सवसनचा काका गरजला. "पोरगी नको?"

"पोरगी हवीय हो! या कपातून कॉफी नको."

"आमच्या कपाला काय धाड भरलीय?"

"कपाला नाही, मला. म्हणजे माझ्या पेशींनी कुलूप..."

अबू गालिबनी कपाळाला हात लावला. "मुकाट्याने पी रे! आपल्या घराण्यात असा नग झाला नव्हता."

"काका, मी यातलाच तज्ज्ञ आहे!"

"मग बस तज्ज्ञ होऊन घरी!" सवसनचा काका उठून उभा राहिला. "मोडलं लग्न!"

सवसन हातची जाणार या धास्तीने मुहन्नदने तोंडावरचा हात काढला, ओठ सगळ्यांना दाखवला आणि सात वर्षांचा अभ्यास एका दमात ओकून टाकला.

हाज अवादनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मिशी वर केली. खाली तसाच एक फोड होता.

"तुझ्या आजेसासूला मागायला गेलो, त्या दिवशी पहिल्यांदा उगवला. आता पाहुणे येणार म्हटलं की हा आधी हजर. पन्नास वर्षं याच कपातून पितोय. इथं कुणाला द्यायचा राहिलाय तुझा विषाणू?"

सवसनच्या काकाचा हात नकळत स्वतःच्या ओठाकडे गेला. मुहन्नद ओशाळला. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात हा विषाणू असतो, हे त्याच्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावर होतं.

"तरीपण तुझ्या मनात शंका आहे ना?" आजोबांनी कप स्वतःकडे ओढला. "मग तू सगळ्यांत शेवटी पी. एवढं शिकलास, हे नाही सुचलं?"

मुहन्नद सगळ्यांत शेवटी कॉफी प्यायला. ती जरा झोंबली. आतल्या दारामागून सवसनचा आवाज आला.

"मुहन्नद, उद्या प्रयोगशाळेतल्या त्या पेशींच्या बश्या इकडेच घेऊन ये. माझ्या काकांसमोर ठेवू, विषाणू लगेच उठून बसेल."