पांढऱ्या तोंडाचा जावई

उन्हाबद्दल मला कोणी शिकवायला येऊ नये. डोंगरातल्या वारास गावी औषधांच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि डोंगरावरून भाजून आलेली मंडळी पहिल्यांदा माझ्याच काउंटरवर येऊन कण्हतात. त्यामुळे समुद्रकाठच्या चिंबोतेहून सासरे आले आणि "वरचं तळं बघायचंय" म्हणाले, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "नेलिदा, तुझ्या बाबांना ओरखडाही न पडता परत आणतो."

"नाही आणलंस तर तूही येऊ नकोस," ती म्हणाली. ती हसत नव्हती. आई गेल्यापासून बाबांशिवाय तिला दुसरं माहेर नाही.

निघताना मी तोंडाला जस्ताचं पांढरं मलम थापलं. तान्ह्या बाळांच्या ढुंगणाला लावतात तेच, पण बोटभर जाड. वर काळा चष्मा, कानटोपी आणि गळ्याला रुमाल. सासऱ्यांपुढे डबी धरली, तर ते म्हणाले, "जावईबापू, मी जन्मभर बंदरावर भर उन्हात मासे विकले. हे थापून मढ्यासारखा दिसणार नाही."

"बाबा, इथलं ऊन वेगळं. गार वाऱ्यात कळत नाही, आणि संध्याकाळी सालं निघतात."

"निघू देत. माझ्याकडे कातडी भरपूर आहे."

ते मात्र खरं होतं. सासऱ्यांचा देह असा, की बसमध्ये ते बसले की शेजारचा आपण होऊन उठतो.

सबंध चढणभर माझं तोंड चालू होतं. पाणी प्या, टोपी काढू नका, दगड हलतोय का बघून पाय टाका. ही शेवटची सूचना ऐकायला त्यांनी मान वर केली आणि त्यांचा पाय घसरला. मातीदगडांसकट ते घळीत गडगडत गेले. तळाशी पोचल्यावर काही वेळ आवाजच आला नाही. मग खालून एक सणसणीत शिवी आली, आणि एवढी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

घोटा बुटात टम्म सुजला होता. त्यांना उचलणं माझ्या बापजन्मात जमणार नव्हतं, फोनला रेंज नव्हती, आणि सूर्य गेला की तिथली थंडी माणसाला सकाळपर्यंत ठेवत नाही. वरच्या अंगाला धूर दिसत होता. मी धावत सुटलो.

झोपडीबाहेर एक बाई चातीवर लोकर कातत होती. मला बघताच चाती तिच्या हातातून पडली. पण मला धापेत काही सुचत नव्हतं.

"मावशी, लवकर चला. खाली एक लठ्ठ माणूस पडलाय. हलता येत नाही त्याला."

"लठ्ठ?" ती पुटपुटली.

"शंभर किलोच्या वर. एकट्याला झेपत नाही मला. दोरी द्या, आणि एक धारदार सुरी." सुरी बूट कापायला हवी होती, पण ते सांगायचं राहून गेलं.

"सेनोबियो," तिने नवऱ्याला हाक मारली, माझ्यावरची नजर न काढता. "बाहेर ये. गोफण घेऊन ये."

सेनोबियोने मला टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. "कुठून आलास?"

"वारासहून. घाबरू नका, मी औषधांच्या दुकानात असतो."

हे सांगितलं की लोकांना धीर येतो, असा माझा अनुभव. पण बाईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "पिश्ताको."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिश्ताको म्हणजे आमच्या डोंगरातला पांढऱ्या तोंडाचा चरबीचोर. एकट्यादुकट्या वाटसरूला गाठतो, कापतो आणि त्याची चरबी औषधवाल्यांना विकतो. माझी आजीसुद्धा त्याच्या नावाने दाराला अडसर लावायची. मी रुमालाने तोंड खसाखसा पुसलं. जस्ताचं मलम. ते नुसतं पसरलं.

पहिला दगड कानाजवळून गेला. मग कुत्री सुटली, शेजारच्या झोपड्यांतून माणसं निघाली, आणि मी उतारावरून जीव मुठीत धरून पळालो. मला मारतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की मला मारून सगळे घरी जातील आणि बाबा तिथेच गारठून मरतील. म्हणून मी सरळ घळीकडेच पळालो.

माणसं काठावर आली आणि वाकून खाली बघू लागली. ऊन लागून बाबांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता.

"अरे देवा," सेनोबियो म्हणाला. "ह्याने अर्धा भाजूनपण ठेवलाय."

दोघांनी माझे हात मागे धरले. मी ओरडलो, "बाबा, सांगा ना यांना मी कोण आहे ते."

बाबांनी वर बघितलं. माझं बरबटलेलं तोंड, माणसं, गोफणी, सगळं नीट बघून घेतलं. "आधी मला वर काढा," ते म्हणाले. "मग सांगतो."

त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून आठ जणांनी वर नेलं. मागितलेली दोरी मलाही मिळाली, पण मनगटांना. झोपडीत चुलीजवळ त्यांचा बूट कापला, घोट्याला पाला बांधला, हातात बटाट्याच्या गरम सुपाचा वाडगा दिला. त्यांच्या ओठांचा निळेपणा उतरला तेव्हा मला रडू आलं. मलमावरून आसवं घरंगळली, आणि ते बघून एक म्हातारी आणखीच मागे सरकली.

बाबांनी सूप संपवलं. मग दुसरा वाडगा मागितला.

"बाबा," मी म्हणालो.

"पितोय ना मी."

शेवटी त्यांनी मिशा पुसल्या. "माझ्या मुलीचा नवरा आहे तो."

बाईचा विश्वास बसेना. "तुम्हाला धाक तर घातला नाही ना त्याने? नक्की पिश्ताको नाही?"

"नक्की नाही," बाबा म्हणाले. "त्या धंद्यालासुद्धा थोडी अक्कल लागते, बाई."

यावर सगळ्यांचं ताबडतोब एकमत झालं आणि माझे हात सोडण्यात आले.