पुठ्ठेवाले नाना

आमच्या डाळ मिलमध्ये कुणी नुसतं "मशीन बिघडलं" म्हटलं, की नाना पिशवीतून पुठ्ठा काढतात. त्यावर चार चौकटी: अडचण काय, कधी येते, उपाय काय, उपाय कुठे फसतो. चौथी चौकट भरायची कामावरच्या माणसानं. ती भरल्याशिवाय पुठ्ठा भिंतीवर लागत नाही.

नाना निवृत्त प्राध्यापक. रोज भुसावळहून गाडीनं जळगावला येतात, मोबदला म्हणून दोन चहा घेतात. जगभरचे शोधनिबंध वाचायचे आणि हमालालाही कळतील असे चार चौकटींत कोंबायचे, हा उद्योग. "कपाटातलं संशोधन वाचून फक्त वाळवी शहाणी होते," हे ठरलेलं वाक्य. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी 'व्याही रुसणे' यावरही पुठ्ठा दिला. त्याची चौथी चौकट मी भरली: व्याहीण रुसल्यास उपाय चालत नाही.

मी मिलचा मॅनेजर. आधी त्यांना चुकवत फिरायचो. आता शेजारचे मिलवाले आमच्या भिंतीचे फोटो काढून नेतात आणि कॉलर माझी ताठ होते.

पण स्वतःच्या पीएच.डी.चा पुठ्ठा त्यांनी कधी केला नव्हता. विषय आमचाच: तुरीला पाणी मारून ती किती वेळ झाकली, तर साल सुटते पण डाळ तुटत नाही. इतक्या वर्षांत त्यांना कुणी ते विचारलं नाही. मी खनपटीला बसलो, तेव्हा गेल्या उन्हाळ्यात एकदाचा घेऊन आले. त्यावर स्वतःचं नाव मात्र टाकलं नव्हतं.

तसं करून पाहिलं, तर पहिल्या खेपेला डाळ तुटली. नानांचा चेहरा पार उतरला. पुठ्ठा पिशवीत घालायला लागले. तेवढ्यात तूर वाळवणाऱ्या सुमनअक्का, दोंडाईच्याकडच्या, म्हणाल्या की आपल्या उन्हात ढिगाची कड आधी सुकते, वर ओलं गोणपाट टाकून बघा. नानांनी ते चौथ्या चौकटीत लिहिलं, अक्कांच्या नावासकट.

दुसऱ्या खेपेला डाळ अशी उतरली की बघत राहावं. अक्कांनी मूठभर तळहातावर घेतली आणि विचारलं, पुठ्ठ्यावरचा हा शोध कुणाचा?

नानांनी पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. मग अक्कांच्याच अहिराणीत म्हणाले, "मना शे, अक्का."

"मंग नाव टाका ना, नाना. मनं एकलीनं नाव कसाले?"

नानांनी अक्कांच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि तिथेच तुरीच्या पोत्यावर बसून रडले. खोटं कशाला सांगू, मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.