अज्जूरचे कर्तृत्व

चरित्रकोश मंडळातील सहायक संपादक नऊ वर्षे हंगामी होते आणि त्यांची नोकरी कायम होण्याच्या आड आता एकच गृहस्थ उभा होता. त्याचे नाव अज्जूर. बायबलमधल्या येशूच्या वंशावळीत तो एल्याकीमचा मुलगा आणि सादोकचा बाप आहे. याव्यतिरिक्त त्याने आयुष्यात काही केल्याचे आढळत नाही. मंडळाच्या नियमानुसार मात्र नोंद किमान दोनशे शब्दांची हवी, आणि तीत कर्तृत्व हवेच.

सहायक संपादकांनी अज्जूरवर सातशे टिपणे काढली होती. त्या सर्वांचा सारांश ‘माहिती नाही’ एवढाच निघत होता. तो त्यांनी मोठ्या निष्ठेने एकशे नव्वद शब्दांपर्यंत ताणला.

मुख्य संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. “कर्तृत्वात तुम्ही लिहिलंय, ‘मुलगा झाला.’ अहो, तो आपल्या शिपायालाही झालाय. दोनदा.”

“पण साहेब, हा वगळला तर पुढचं कुणीच जन्माला येत नाही. थेट येशूच्या आईच्या, मरीयेच्या नवऱ्यापर्यंत.”

“मग आजोबा नातवाला जोडून टाका. मधल्या माणसावाचून काय अडतं? समितीपुढे ठेवतो.”

घरी बायकोने शांतपणे ऐकून घेतले. “ज्याच्या मागे नऊ वर्षं घालवलीत, त्याला निदान बाप होणं तरी जमलं. आपली मुलगी कितवीत आहे, सांगा पाहू.”

“सहावीत.”

“आठवीत. तिथं एक तळटीप द्या.”

संदर्भ तपासायला हवा होता, हे सहायक संपादकांनी मान्य केले.

समितीच्या बैठकीत त्यांनी प्रथमच तोंड उघडले. “सदस्यांनी आपापल्या खापरपणजोबांचं नाव सांगावं. सांगता आलं, तर मी स्वतः अज्जूरला खोडतो.”

पाचही सदस्य पंख्याकडे पाहू लागले. घराण्याचा अभिमान बाळगणारे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “घरी लिहून ठेवलंय कुठंतरी.”

“आणि तुमच्या खापरपणजोबांचं हो?” मुख्य संपादकांनी विचारले.

“ठाऊक नाही, साहेब. मी अज्जूरच्या खापरपणजोबांचं सांगू शकतो.”

ठराव एकमताने झाला. सदर इसम समितीच्या सर्व सदस्यांच्या पूर्वजांपेक्षा सुपरिचित असल्याचे निष्पन्न झाल्याने त्याची नोंद कायम ठेवण्यात आली. आणि इतक्या सुपरिचित इसमावर नऊ वर्षे संशोधन करणे अनावश्यक असल्याने, सहायक संपादकांची सेवा महिनाअखेर संपुष्टात आणण्यात आली. ठरावाचा मसुदा त्यांनीच शुद्ध करून दिला. मुख्य संपादकांच्या हातून ‘निष्पन्न’ चुकले होते.

जाण्यापूर्वी त्यांनी मंडळाच्या वतीने एक जाहीर निवेदन काढले: पुरवणी खंडासाठी वाचकांनी आपल्या खापरपणजोबांचे केवळ नाव कळवावे, कर्तृत्वाची अट शिथिल करण्यात आली आहे.

आजतागायत एकही पत्र आलेले नाही. तुमचेही.